वळवाचे फोटो छापा, पण कुठून काढले तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर वळवाच्या विजेचा एक मोठा फोटो आलता, वाचकानं पाठवलेला. फोटो भारीच होता, वीज ढगापासून जमिनीपर्यंत अख्खी सापडलेली, बारीक फाटेसुद्धा स्वच्छ दिसत होते. पण खाली ओळ काय, तर ‘विजांचं तांडव’ आणि पाठवणाऱ्याचं नाव, संपलं. कुठल्या गावाहून काढला, किती वाजता, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, काही म्हणजे काही नाही. आणि फोटोत खाली वाळलेलं गवत आहे, एक बांध आहे, छप्पर कुठंच नाही, म्हणजे काढणारा उघड्या माळावर उभा होता हे फोटोचं काम करणाऱ्या कुणालाही एका नजरेत कळतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्वेला ढग भरून आले तर आमच्या गावाबाहेरच्या माळावर पोरं मोबाईल घेऊन ओळीनं उभी, गडगडाट चालू, वारा सुटलेला, आणि एकाला हाक मारून विचारलं तर म्हणतोय, "पेपरला पाठवायचाय की काका, परवाच्यागत."

म्हणून हे पत्र. माझं मागणं एकच आहे. वळवाचे फोटो जरूर छापा, आत्ता छापता त्यापेक्षा जास्त छापा, पण प्रत्येक फोटोखाली जागा, वेळ, दिशा आणि काढणारा कशाच्या आत उभा होता हे छापायचंच असा नियम करा, आणि जो उघड्यावर उभं राहून काढलाय तो कितीही चांगला असला तरी बाजूला ठेवा.

मी चिकोडी भागात लग्नाचे फोटो काढतो. आमचा सगळा सीझन एप्रिल-मे, म्हणजे बरोबर वळवाचाच सीझन, त्यामुळं मांडव, मंगल कार्यालय आणि रस्ता यातच हे दोन महिने जातात, आज निपाणी तर उद्या रायबाग, परवा अथणी नाहीतर गोकाक. दुपारी अक्षता पडल्या की आम्ही गाडीत सामान भरता भरता पहिल्यांदा आभाळाकडं बघतो. मला वळवाचं वेड आहे हे इथले सगळे ओळखीचे लोक जाणतात आणि म्हणूनच सांगतो, मी फोटो काढू नका असं सांगणाऱ्यातला नाही. उलट आपल्या भागासारखा भाग हे बघायला दुसरीकडं सहज मिळायचा नाही असं माझं मत आहे.

कारण बघा, खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीकडं पावसाळ्यात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत अथणीत वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीची कड संपली की झाडी विरळ होत जाते, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गकडं काळी जमीन लागते, आणि मे महिन्यात जोंधळा, हरभरा निघून रान मोकळं झालं की नजर अडत नाही. बेळगाव शहर स्वतःच साडेसातशे मीटर उंचीवर आहे. गोकाकवर उभा राहिलेला ढग बेळगावच्या गच्चीवरून दिसतो, अथणीवरचा ढग चिकोडीवरून दिसतो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. आणि दुपारनंतर सूर्य मावळतीकडं कललेला असतो, त्यामुळं पूर्वेचा ढग समोरून उजळतो, लाइट आपल्या पाठीमागून पडतो. फोटोग्राफरला यापेक्षा वेगळं काय पाहिजे?

आता हा वळीव येतो कसा ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की कुठं उभं राहायचं ते आपोआप कळतं. एप्रिल-मेमध्ये जमीन तापून चाळिशीला टेकते, वर हवा त्यामानानं थंड असते, आणि मध्ये ओल मिळाली की गरम हवा वर उसळते. ही ओल दोन बाजूंनी येते, एक अरबी समुद्रावरून घाट चढून आणि दुसरी बंगालच्या उपसागरावरून. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये या दिवसांत एक वाक्य सारखं येतं की मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकातून खाली तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा पट्टा नाहीतर वाऱ्याची खंडितता (वाऱ्याची दिशा जिथं एकदम बदलते ती रेषा) आहे, तर ती रेषा जिथून जाते त्याच्या आसपास दोन्हीकडचे वारे एकमेकांना भिडतात आणि तिथंच ढग उठतात. ती रेषा आपल्या डोक्यावरून जात असेल आणि सकाळपासून अंगाला चिकटणारी उमस असेल तर दुपारी तीननंतर पूर्वेकडं लक्ष ठेवायचं. आधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग दिसतात, त्यातला एखादा बाकीच्यांना मागं टाकून वर जातो, कडा कातरल्यासारख्या स्वच्छ असतात. अशा कडा असेपर्यंत तो वाढतोय. मग माथा बारा, चौदा, कधी त्याच्याही वर किलोमीटरवर जाऊन थबकतो आणि सपाट पसरायला लागतो, त्याला ऐरण म्हणतात, ती ज्या बाजूला लांबते त्या बाजूला वरचा वारा आहे. ऐरण पसरली म्हणजे ढग पिकला. त्याच्यापुढं वीज, वारा, गार काहीही होऊ शकतं.

हे सगळं लांबूनच दिसतं, आणि माझा मुद्दा इथंच आहे. ढगाखाली जाऊन उभं राहिलात तर वर नुसती करडी चादर, ना माथा दिसतो ना ऐरण, लेन्सवर थेंब, डोळ्यात धूळ. चाळीस-पन्नास किलोमीटरवरून अख्खा ढग फ्रेममध्ये मावतो. रात्री तर शंभर किलोमीटरवरची वीजही दिसते, ढग आतून पेटल्यासारखा उजळतो, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, आणि आवाज काहीच नाही. जीव धोक्यात घालून मिळतो त्यापेक्षा चांगला फोटो गप घरात बसून मिळतो, हे पोरांना कुणीतरी सांगायला पाहिजे आणि तुमच्या पेपरशिवाय हे गावोगाव पोचवणारं दुसरं कोण आहे?

एक प्रसंग सांगतो. अथणीच्या पुढं आमच्या पाहुण्यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, बेदाण्याचं शेड म्हणजे वर पत्रा, बाजूला हिरवी नेट आणि आत जाळीचे रॅक एकावर एक, त्यावर औषधात बुडवून काढलेली द्राक्षं पसरलेली, दोनेक आठवडे सुकायला लागतात. मी लग्न आटोपून ओम्नीतून तिथं पोचलो तेव्हा साडेतीन-पावणेचार झालते, पूर्वेला ऐरण अर्ध्या आभाळावर आलेली. मावशी, भाचा, दोन बायका असे सगळे ताडपत्र्या सोडून बांधायला लागलेले. वारा एकदम पडला. नेट हालायची थांबली, कावळे गप्प. मग रस्त्याच्या पलीकडच्या रानातून धुळीची भिंत उठली आणि तिच्यापुढं गार हवा आली, अंगावर काटा येईल इतकी गार, दोन मिनिटांपूर्वी शर्ट घामानं भिजलेला. ढगात वर पाऊस आणि गारा वितळताना, वाळताना हवा थंड होते, जड होते, ती खाली आदळून जमिनीवर चहूबाजूला पळते, तीच ही हवा, पाऊस यायच्या आधी पोचते. मावशी सगळ्यांना घेऊन स्लॅबच्या घरात गेली आणि मी गाडीच्या काचा वर करून बसलो.

पहिल्या गारा पत्र्यावर तुरळक वाजल्या, टण, टण, मग आवाज एवढा वाढला की मला शेजारच्या सीटवर वाजणारा फोन ऐकू आला नाही. दहा मिनिटं चाललं असेल. ताडपत्री एका कोपऱ्यात सुटून फडफडत होती आणि त्या बाजूच्या रॅकवरची द्राक्षं पांढऱ्या गारांखाली दिसेनाशी झाली. भिजलेला बेदाणा काळा पडतो, त्याला भाव मिळत नाही, हे त्या घरातल्या लहान पोरालाही माहीत. पण भाच्यानं एक काम केलं. गडगडाट लांब गेल्यावर त्यानं दारातल्या पायरीवरच्या गारा स्टीलच्या ताटलीत उचलल्या, शेजारी दहा रुपयाचं नाणं ठेवलं आणि वरून सरळ फोटो काढला. त्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, त्यामुळं गार केवढी होती हे कुणालाही फोटोवरून काढता येतं. मग चार गारा पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवल्या. नंतर पंचनाम्याला माणसं आली तेव्हा सगळे बोरायेवढ्या, लिंबायेवढ्या, अंड्यायेवढ्या म्हणत होते, आणि त्या घरात वेळेसकट, मापासकट फोटो तयार होता.

तो फोटो दिसायला काही विशेष नाही. ताटली, नाणं, गारा. पण मी आजवर बघितलेल्या वळवाच्या फोटोंपैकी सगळ्यात उपयोगाचा तोच, आणि तो कुठल्याही पेपरात येणार नाही कारण त्यात ‘तांडव’ नाही. का येऊ नये? पीक विम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते. मार्च २०१४ ची गारपीट अजून कुणी विसरलेलं नाही, महाराष्ट्रात किती जिल्हे झोडपले, आपल्या पलीकडं विजापूरकडच्या बागाही गेल्या. तेव्हाचे फोटो लोकांच्या मोबाईलमध्ये असतील पण कुठल्या गावचा, कुठल्या तारखेचा हे आता कोण सांगणार? ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसं मेली ही नोंद जागतिक हवामान संघटना आजही देते, सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट, आणि ती टिकली कारण कुणीतरी जागा आणि तारीख लिहून ठेवली.

अमेरिकेत मधल्या सपाट भागात, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांत, वादळामागं गाडी घेऊन जाणाऱ्यांची एक मोठी जमातच आहे. आपल्याकडची पोरं त्यांचेच व्हिडिओ बघून बाहेर पडतात म्हणून लिहितो. तिथलं वादळ वेगळं. मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारा येतो, पश्चिमेकडून कोरडा, आणि जमिनीपासून वर जाताना वाऱ्याचा वेग आणि दिशा इतकी बदलते की वर चढणारी हवाच गोल फिरायला लागते, त्याला सुपरसेल म्हणतात, मोठे टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारे वाऱ्याचे भोवरे, त्यातूनच होतात. आपल्याकडं मे महिन्यात वरचे वारे तेवढे जोरकस नसतात म्हणून ढग बहुतेक वेळा तास-दीड तासात रिकामा होतो. पण व्हिडिओत जे दिसत नाही ते हे की तिथं नॅशनल वेदर सर्व्हिस ‘स्कायवॉर्न’ नावाचा स्वयंसेवकांचा कार्यक्रम चालवते, दोनेक तासांचा फुकट क्लास, त्यात ढग ओळखायला शिकवतात आणि खबर कशी द्यायची ते शिकवतात, म्हणजे किती वाजता, कुठून, कुठल्या दिशेला, काय दिसलं, गार केवढी. दक्षिण डकोटातल्या व्हिव्हियन गावात २३ जुलै २०१० ला पडलेली गार त्यांच्या देशातली सगळ्यात मोठी, व्यास २० सेंटिमीटर, वजन ८८० ग्रॅमच्या आसपास, आणि ती मोजता आली कारण सापडलेल्या माणसानं ती फ्रीझरमध्ये ठेवली. मधे लाईट गेली म्हणून थोडी वितळली तरी रेकॉर्ड झालं.

आणि त्याच देशात ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ काय झालं तेही पोरांना कळू दे. टिम समारास नावाचा संशोधक, अख्खं आयुष्य या वादळांच्या अभ्यासात गेलेलं, २००३ साली दक्षिण डकोटात त्यानं टॉर्नेडोच्या वाटेत यंत्र ठेवून हवेचा दाब १०० मिलिबारनं खाली आलेला मोजला होता. तो, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघंही एल रेनोच्या टॉर्नेडोत गाडीत असताना गेले. तो टॉर्नेडो पावसात लपलेला होता, अचानक वळला, वेगानं रुंदावत गेला आणि सगळ्यात रुंद असताना ४.२ किलोमीटर होता. एवढा जाणता, सावध माणूस. आपण तर बाईकवर, एका हातात मोबाईल घेऊन.

आपल्याकडं टॉर्नेडोचं भय नसलं तरी वीज आहे आणि ती गरिबालाच जास्त मारते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ साली देशात विजेनं २,८८७ माणसं गेली. त्यात रानात काम करणारे, जनावरं राखणारे किती असतात हे आपण रोजच्या बातम्यांत वाचतोच. मे महिन्यात धनगरांचे कळप माळावर असतात, पाऊस आला की मेंढरं झाडाखाली गोळा होतात, वीज झाडावर पडते आणि जमिनीतून पसरते, पुढच्या आणि मागच्या पायात अंतर असतं म्हणून त्यातून करंट जातो आणि सगळी मेंढरं एकदम आडवी होतात. झाडाखालच्या माणसालाही तेच. कडब्याच्या गंजीजवळ, विहिरीवर मोटर बंद करायला स्टार्टर पेटीशी, टेकडीच्या माथ्यावर, बाईकवर, ट्रॅक्टरवर, उघड्या पत्र्याच्या खोपीत, कुठंच सुरक्षित नाही. राजहंसगडावर ढग आले की फोटोला गर्दी होते ती तर मला बघवत नाही, आजूबाजूला सगळ्यात उंच तोच आणि आपण त्याच्या तटावर.

हिशोब सोपा आहे. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदाच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात नाहीतर बंद काचेच्या चारचाकीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. खरं तर मोजायचीही गरज नाही, गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, कारण ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, डोक्यावर निळं आभाळ असतानाही वीज पडू शकते. गाडी वाचवते ती टायरमुळं नव्हे, तिच्या पत्र्यामुळं, वीज बाहेरच्या बाहेर पत्र्यावरून जमिनीत जाते, तेव्हा आतल्या लोखंडाला हात लावू नका. आणि मोबाईलमुळं वीज पडते ही गैरसमजूत एकदाची काढून टाका, मोबाईल वीज ओढत नाही, चार्जरला लावलेला असेल तर मात्र वायरमधून धोका आहे. मोबाईलवर फोटो काढायला माणूस उघड्यावर थांबतो, तिथं घात होतो. अगदीच रानात सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, पण त्यानं धोका कमी होतो, जात नाही. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावा, श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. कितीतरी वेळा लोक भिऊन लांब उभे राहतात आणि त्यातच वेळ जातो.

दुकानात पोरं येऊन विचारतात, काका वीज कशी पकडायची. तर सांगतो, कॅमेरा असेल तर घराच्या आत ट्रायपॉडवर, खोलीतला लाईट बंद, काच स्वच्छ पुसून लेन्स काचेला जवळ लावायची म्हणजे प्रतिबिंब येत नाही, पण काचेला, ग्रीलला टेकून आपण उभं राहायचं नाही. फोकस मॅन्युअल करून लांबच्या दिव्यावर धरायचा, आयएसओ १०० किंवा २००, ॲपर्चर ८ च्या आसपास, शटर पंधरा-वीस सेकंद, आणि एकामागून एक काढत राहायचं, वीज आपली आपण फ्रेममध्ये येते. दिवसा हे जमत नाही. मोबाईलवाल्यांनी सरळ व्हिडिओ सुरू करून मोबाईल खिडकीत टेकवून ठेवावा आणि नंतर त्यातली फ्रेम काढावी. मुख्य म्हणजे फ्रेममध्ये काहीतरी ओळखीचं घ्यावं, गावचं देऊळ, पाण्याची टाकी, साखर कारखान्याची चिमणी, म्हणजे दिशा पक्की होते आणि ढग कुठल्या बाजूला सरकतोय तेही दोन फोटोत कळतं.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या सीमाभागाची खास अडचण आहे. आपण मराठी चॅनेल लावतो तर तिथं कोल्हापूर, सांगली, सोलापूरचा अंदाज सांगतात, आपलं गाव नकाशात रेषेच्या अलीकडं पांढरं. आपला अंदाज बेंगळुरूच्या हवामान केंद्रातून ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या नावाखाली निघतो, कन्नड आणि इंग्लिशमध्ये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येत नाही आणि पोरं वाचत नाहीत. मिरजेवर गारा टाकणारा ढग तासाभरात कागवाडवर असतो, त्याला कुठली हद्द? तेव्हा मार्चच्या मध्यापासून मान्सून लागेपर्यंत दोन्हीकडचा अंदाज, यलो-ऑरेंज अलर्ट कुठल्या जिल्ह्याला आहे ते मराठीत पहिल्या पानावर एका चौकटीत द्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आणि कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचं ‘सिडिलु’ ॲप, दोन्ही जवळपासच्या विजेची सूचना देतात, फुकट आहेत, ते कसं टाकून घ्यायचं हे एकदा फोटोसकट छापा. हवामान खात्याच्या साइटवर पुढच्या तीन तासांचा अंदाजही असतो, पणजीच्या रडारचं चित्रही असतं. पेपर सकाळी येतो, वळीव दुपारी, त्यामुळं पेपरातला अंदाज पुरा पडणार नाही हे मान्य, पण बघायचं कुठं हे तरी लोकांना कळेल.

आणि शेवटी फोटो मागवण्याबद्दल. वाचकांना ‘फोटो पाठवा’ असं आवाहन करता तेव्हा व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेल्या फाईलमधून वेळ आणि लोकेशन निघून जातं, दाबून छोटा झालेला फोटो येतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी येते आणि माणूस काहीही म्हणाला तरी फोटो कधीचा हे तुमच्या ऑफिसात तपासता येतं, मागल्या वर्षीचा नाहीतर दुसऱ्याच राज्यातला फोटो आपल्या गावाच्या नावावर खपत नाही. सोबत चार ओळी मागवा, गाव कुठलं, वाजले किती, तोंड कुठं, आणि घरात होता की गाडीत. गारांचा फोटो असेल तर नाणं ठेवलेलाच घ्या. माझ्याकडचे वळवाचे जुने फोटो आहेत, ज्यांची वेळ आणि जागा पक्की आहे तेवढे वेगळे काढायला घेतलेत, या सीझनसाठी पाहिजे असतील तर मूळ फाईली पेनड्राईव्हवर आणून देतो, छापताना पैसे नकोत, फक्त त्या चार गोष्टी खाली छापा.

आपला,
एक वाचक आणि फोटोग्राफर
ता. चिकोडी, जि. बेळगाव